भेषज आणि अभेषज

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायात मैत्रेय आणि आत्रेय यांचा एक वाद आला आहे. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद गुणसंपन्न असले म्हणजे आरोग्य मिळते, असे आत्रेय सांगतात. त्यावर मैत्रेय आडवा प्रश्न विचारतो. चारही पाद उत्तम असताना काही रोगी बरे होतात, पण काही मरतात. यांतले काहीच नसताना काही मरतात, पण काही बरेही होतात. मग भेषज आणि अभेषज, औषध देणे आणि न देणे, यांत अंतर ते कोणते? आत्रेयांचे उत्तर दुहेरी आहे. उपचार होऊनही जो दगावला त्याचा रोग मुळात असाध्य होता. आणि उपचारावाचून जो उठला तो उपचाराने अधिक लवकर आणि कमी क्लेशाने उठला असता. त्यासाठी ते दृष्टांत देतात तो पडलेल्या माणसाचा. स्वतःच्या बळाने उठू शकणाऱ्यालाही कोणी हात दिला तर तो त्वरेने आणि विनासायास उठतो.

दृष्टांत सुंदर आहे; उत्तर मात्र पुरे पडत नाही. चरकाने असाध्याची लक्षणे आधीच सांगून ठेवली आहेत हे खरे. तरीही समोरचा रोगी त्यांत बसतो की नाही हे पुष्कळदा त्याच्या मृत्यूनंतरच निश्चित होते, आणि तेव्हा 'असाध्य' हे विशेषण निदान न राहता समर्थन बनते. राहिला पडलेला माणूस. हात दिल्यामुळेच तो लवकर उठला हे कशावरून ठरवायचे? ठरवायचे असेल तर त्याच्या शेजारी तसाच पडलेला आणखी एक माणूस हवा, आणि त्याला हात देता कामा नये. मैत्रेयाच्या शंकेचे प्रामाणिक निरसन करण्याचा याहून वेगळा मार्ग आजवर सापडलेला नाही. पण हात न देता त्याच्याकडे पाहत उभे राहण्याचा अधिकार कोणाला? तर्काचा प्रश्न येथे संपतो आणि नीतीचा सुरू होतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या रोगांनी हा प्रश्न अत्यंत कठोरपणे वैद्यकापुढे उभा केला, त्यांत मोटर न्यूरॉन डिसीज या विकाराचे स्थान वेगळे आहे. मेंदू व मज्जारज्जू यांतील ज्या चेतापेशी स्नायूंना हालचालीचे आदेश पोचवतात त्या एकेक करून मरत जातात, आणि त्यांच्या मागोमाग स्नायू वाळत जातात. आधी सदऱ्याचे बटण लागत नाही, किंवा जिन्यावर पाय अडखळतो. पुढे बोलणे जड होते, घास गिळवत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायूही थकतात. काही रोग्यांत मेंदूच्या पुढील भागावर परिणाम होऊन स्वभाव व विचार बदलतात; पण पुष्कळांची बुद्धी शाबूत राहते आणि स्वतःच्या देहाचे हे ओसरत जाणे त्यांना जाणतेपणी पाहावे लागते. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, या रोगाचे निदान झाले आणि ते २०१८ पर्यंत जगले. परंतु ते विलक्षण अपवाद होते. लक्षणे दिसू लागल्यापासून बहुतेक रोगी दोन ते पाच वर्षांत जातात.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्तँ शार्को यांनी १८६९ पासून या रोगाच्या प्रमुख प्रकाराचे वर्णन केले आणि १८७४ मध्ये त्याला 'अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस' असे नाव दिले. या नावातील पहिला शब्द ग्रीक आहे. 'अ' नकाराचा, 'मायो' म्हणजे स्नायू आणि 'ट्रॉफे' म्हणजे पोषण. स्नायूंना पोषण न लाभण्याची अवस्था. चेतातंतू आदेश तर नेतातच, पण त्यांच्यावाचून स्नायू तग धरत नाही. नुसत्या विश्रांतीने स्नायू जेवढा रोडावतो त्याहून कितीतरी अधिक तो चेतातंतू तुटल्यावर वाळतो. मराठीत 'खाल्लेले अंगी लागत नाही' असे म्हणतात, तशी ही अवस्था. अन्न आहे, रक्त आहे, प्राणवायू आहे. परंतु ते अंगी लावणारा संबंध तुटला आहे.

जेथे पोषण नाही तेथे ते बाहेरून पुरवावे, ही कल्पना इतकी स्वाभाविक आहे की तिच्यासाठी वैद्य असावे लागत नाही. शरीरात मांस वाढवणारे रस आहेत हे विसाव्या शतकात उत्तरोत्तर स्पष्ट होत गेले. त्यांना स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये 'हॉर्मोन' हे नाव दिले, तेही चेतवणे, गती देणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. मराठी परिभाषाकारांनी हॉर्मोनला 'संप्रेरक' म्हटले आणि स्नायूंना चालवणाऱ्या पेशीला 'प्रेरक चेतापेशी'. हा योगायोगच, पण प्रेरक मरत असताना संप्रेरकाने त्याची जागा भरून काढावी, ही संशोधकांची आशा या दोन शब्दांच्या शेजारात अगदी नेमकी उमटली आहे.

या आशेचा पहिला मोठा बहर १९८३ मध्ये आला. मेंदूच्या तळाशी स्रवणारे टीआरएच हे अवघ्या तीन अमिनो आम्लांचे संप्रेरक मोठ्या मात्रेत शिरेतून दिल्यावर रोग्यांची अशक्तता व ताठरपणा काही काळ कमी होतो, असे अमेरिकेतील संशोधकांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. हे संप्रेरक शोधून काढणे हीच एक महाकथा होती. गिय्येमँ आणि शॅली या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या प्रयोगशाळांनी लाखो मेंढ्यांच्या आणि डुकरांच्या मेंदूंतून कणाकणाने ते गोळा केले, १९६९ मध्ये त्याची रचना निश्चित केली आणि १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळवला. (साहित्याच्या अभ्यासकाला हे नाव दुसऱ्याही कारणाने परिचित असेल. ब्रुनो लातूर आणि स्टीव्ह वुलगर यांनी प्रयोगशाळेतील व्यवहाराचा जो बहुचर्चित अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात तथ्य 'घडते' कसे हे दाखवण्यासाठी याच संप्रेरकाचा इतिहास घेतला होता.) परंतु शेजारी तुलनेचा गट ठेवून चाचण्या झाल्या, तेव्हा टीआरएचचा टिकाऊ उपयोग दिसला नाही. पुढे वृद्धिसंप्रेरकही देऊन पाहिले. त्याचीही गत तीच झाली.

मग आले आयजीएफ-१, म्हणजे इन्शुलिनसदृश वाढकारक घटक. सत्तर अमिनो आम्लांचे हे प्रथिन वृद्धिसंप्रेरकाच्या चेतनेने मुख्यतः यकृतात तयार होते; ते स्नायू वाढवते, आणि प्रयोगशाळेत चेतापेशींनाही जगवते. रोगाच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी हात घालणारे असे दुसरे द्रव्य तेव्हा दृष्टिपथात नव्हते. कंपनीने त्याचे नाव ठेवले 'मायोट्रॉफिन'. शार्कोंच्या शब्दातील नकाराचा 'अ' पुसून टाकला की औषधाचे नाव तयार! नावे अशी आश्वासने देतात, आणि रोगी ती आश्वासने शब्दशः वाचतो.

१९९७ मध्ये उत्तर अमेरिकेतील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. २६६ रोगी, नऊ महिने. रोज त्वचेखाली टोचायचे इंजेक्शन. मोठी मात्रा घेणाऱ्यांत रोगाची चाल, अभेषज घेणाऱ्यांच्या तुलनेत, २६ टक्क्यांनी मंदावलेली दिसली. 'अभेषज' हा चरकाचा शब्द येथे 'प्लासिबो'साठी वापरला आहे. औषधासारखे दिसणारे, तसेच टोचले जाणारे, पण औषध नसलेले द्रव्य. १९९८ मध्ये युरोपातील चाचणीचा निष्कर्ष आला. १८३ रोगी, तोच कालावधी. लक्षणीय फरक नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १९९७ मध्येच मंजुरीची शिफारस करण्याचे नाकारले होते. एक साक्षीदार 'होय' म्हणतो, दुसरा 'नाही' म्हणतो. अशा वेळी काय करायचे? तिसरा साक्षीदार बोलावला गेला, पण त्याची साक्ष नोंदली गेली ती २००८ मध्ये. ३३० रोगी, दोन वर्षे, दिवसातून दोन इंजेक्शने. निष्कर्ष निःसंदिग्ध होता. आयजीएफ-१ ने ना स्नायूंचे बळ टिकले, ना आयुष्य वाढले.

या तिसऱ्या चाचणीत सुमारे निम्म्या रोग्यांच्या वाट्याला अभेषज आले. चिठ्ठी टाकावी तसे हे वाटप होते. कोणाच्या कुपीत काय आहे हे रोग्याला ठाऊक नसते आणि त्याला तपासणाऱ्या वैद्यालाही नसते. बोटांतले बळ दर महिन्याला कमी होत असताना सकाळ-संध्याकाळ स्वतःला सुई टोचून घ्यायची. बोटांनी नकार दिला की पत्नीने, मुलाने टोचायची. आणि ज्या आयुष्यातील वर्षे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत त्यांतील दोन अशी द्यायची. या कृतीला नाव काय द्यावे? दान म्हणावे तर दात्याला आपण काय देतो हे माहीत असावे लागते, आणि त्यावरचा हक्क त्याने सोडलेला असावा लागतो. हा रोगी तर मनातून औषधाची आस धरून बसलेला आहे. बलिदान म्हणावे तर त्यात जो निश्चय आणि जो गौरव असतो तो येथे नाही. पण त्याने जे केले त्यामुळेच त्याच्यानंतरच्या हजारो रोग्यांना एक निरुपयोगी द्रव्य वर्षानुवर्षे टोचून घ्यावे लागले नाही. आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे मोजली. ज्याचे नाव कळत नाही, ज्याचा उपकार 'याचा उपयोग नाही' एवढ्या नकारात्मक वाक्यातच शिल्लक राहिला आहे, अशा माणसाच्या ऋणाला त्या मोजणीत घर नाही.

तत्त्वचिंतकांनी या व्यवहाराला नीतीची चौकट देण्याचा प्रयत्न केला आहे. हान्स योनास यांनी १९६९ मधील एका निबंधात असा आग्रह धरला, की रोग्यावर प्रयोग करायचाच तर तो त्याच्या स्वतःच्या रोगासंबंधी असावा. जो आधीच अगतिक आहे त्याला दुसऱ्याच्या कामासाठी राबवू नये. बेंजामिन फ्रीडमन यांनी १९८७ मध्ये वेगळा निकष सुचविला. एखाद्या वैद्याला मनातून काय वाटते हे गौण आहे. जाणकारांच्या समुदायात उपचाराविषयी प्रामाणिक मतभेद आहे तोवर चिठ्ठी टाकणे अन्यायाचे नाही. कारण अशा वेळी हात कोणता आणि हात आखडणे कोणते, हेच कोणाला ठाऊक नसते. पडलेल्या माणसाच्या दृष्टांतातील पेच येथे बराचसा सुटतो. दृष्टांतात दिलेला हात हा हातच आहे हे आधीपासून गृहीत आहे. चाचणीत नेमके तेच सिद्ध व्हायचे असते.

फ्रीडमन यांचा निकष मान्य केला तर १९९७ मधील नकाराला दोष देता येत नाही. २६ टक्क्यांचा आकडा आशादायक होता, पण तो एकटा होता. आणि दुसऱ्या चाचणीने त्याला दुजोरा दिला नाही. दोष असेल तर तो नंतरच्या दहा वर्षांत आहे. मतभेद प्रामाणिक होता, तर तो मिटवण्याची निकडही तितकीच प्रामाणिक असायला हवी होती. औषधाच्या मागे बाजार उरला नाही तेव्हा प्रश्नही मागे पडला, आणि सार्वजनिक निधीच्या आधाराने तो पुन्हा हाती घेतला जाऊन उत्तर मिळेपर्यंत, दोन ते पाच वर्षे जगणाऱ्या रोग्यांच्या किमान दोन पिढ्या निघून गेल्या. त्यांना कोणी 'होय' म्हटले नाही आणि कोणी 'नाही'ही म्हटले नाही. पुरावा मागणे हे न्याय्य आहे. पण पुरावा मागून मग स्वस्थ बसणे हा मागणाऱ्याने केलेला करारभंग आहे. वैद्यकीय नीतीच्या चर्चेत चाचणीतील रोग्याच्या संमतीचा जेवढा विचार होतो, त्याच्या दशांशानेही या दिरंगाईचा होत नाही, हे आश्चर्य म्हटले पाहिजे.

रोग्यांनी मात्र स्वस्थ बसण्याचे नाकारले. आयजीएफ-१ चेच एक संयुक्त रूप, 'आयप्लेक्स', वाढ खुंटलेल्या बालकांसाठी अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झाले होते. इटलीत काही न्यायालयांनी ते मोटर न्यूरॉनच्या रोग्यांना पुरवण्याचे आदेश दिले. अमेरिकेतील रोग्यांनी तशीच मागणी लावून धरली, आणि २००९ मध्ये, म्हणजे तिसऱ्या चाचणीने 'नाही' म्हटल्यावर, तेथील प्रशासनाने मर्यादित प्रमाणात ती मान्य केली. या मागणीमागचा युक्तिवाद मराठी माणसाला पाठ आहे: बुडत्याला काडीचा आधार. जो मरणारच आहे त्याचे औषधाने आणखी काय बिघडणार?

या युक्तिवादाचे उत्तर करुणेने देता येत नाही, वस्तुस्थितीनेच द्यावे लागते. मिनोसायक्लिन नावाचे एक जुने, स्वस्त आणि निरुपद्रवी मानले गेलेले प्रतिजैविक उंदरांमध्ये या रोगावर गुणकारी दिसले होते. ४१२ रोग्यांवरील चाचणीचा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांची अवस्था अभेषज घेणाऱ्यांपेक्षा पंचवीस टक्के अधिक वेगाने खालावली होती. काडीने बुडत्याला खाली ओढले होते. आणि शेजारी काडी न मिळालेले लोक नसते तर हे कोणाच्याही ध्यानात आले नसते.

संप्रेरकांच्या संदर्भात याहूनही विदारक उदाहरण केनेडी विकाराचे आहे. १९६८ मध्ये विल्यम केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेला हा विकार मोटर न्यूरॉनच्या विकारांपैकीच, पण संथ, आनुवंशिक आणि जवळजवळ सर्वस्वी पुरुषांचा. मध्यम वयात हातापायांचे, जिभेचे, घशाचे स्नायू वाळू लागतात. काहींची छाती स्त्रियांसारखी वाढते, प्रजननक्षमता घटते. पुरुषत्वाचे संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, कमी पडत असावे अशीच कोणाचीही पहिली समजूत होईल. स्नायू वाळताहेत, आणि स्नायू वाढवणारे सर्वांत प्रसिद्ध संप्रेरक तर हेच. ते द्यावे, म्हणजे देह भरेल. १९९१ मध्ये मूळ दोष सापडला. एक्स गुणसूत्रावरील, टेस्टोस्टेरॉन ज्याला येऊन चिकटते त्या ग्राहक-प्रथिनाच्या जनुकात एक छोटा तुकडा गरजेपेक्षा अधिक वेळा गिरवला गेलेला असतो. २००२ मध्ये जपानमधील नागोया येथील संशोधकांनी हा दोष असलेल्या उंदरांवरील काम प्रसिद्ध केले. नर उंदरांचे वृषण काढून टाकल्यावर ते आश्चर्यकारकरीत्या सुधारले. आणि माद्यांना, ज्या एरवी बऱ्याच अंशी सुरक्षित होत्या, टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्या आजारी पडल्या. सदोष प्रथिन एरवी पेशीच्या कडेला पडून असते. संप्रेरक येऊन चिकटले की ते पेशीकेंद्रात शिरते आणि तेथे साचून पेशीला मारते. ज्या स्त्रियांना दोन्हीकडून हे सदोष जनुक मिळाले त्यांनाही नाममात्र त्रास झाला, याचा उलगडा यातून झाला. पोषण म्हणून जे द्यायचे तेच येथे विष ठरते.

मग उपचार काय? तर संप्रेरक तोडणे. ल्युप्रोरेलिन नावाचे औषध टेस्टोस्टेरॉनचे उत्पादन जवळजवळ थांबवते. जपानमधील ४८ आठवड्यांच्या चाचणीचा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गिळण्याच्या क्रियेवरील मुख्य कसोटीत एकूण गटात निर्णायक फरक दिसला नाही; ज्यांचा रोग दहा वर्षांहून अलीकडचा होता त्यांच्यात काही लाभ सूचित झाला. २०१७ मध्ये जपानने या विकारासाठी ते औषध मंजूर केले. त्याची किंमत पैशात मोजण्यासारखी नाही. घास नीट गिळता यावा या शक्यतेसाठी पुरुषाने आपली कामेच्छा आणि संततीची आशा सोडायची. भारतीय वैद्यकाने सप्तधातूंच्या मालिकेत मांसाला मधले आणि शुक्राला शेवटचे, सर्वांत सारभूत स्थान दिले. त्या मालिकेचे शेवटचे टोक कापून मधला दुवा वाचवण्याचा हा सौदा, आणि तोही वाचेलच असे नाही. येथे 'आणखी काय बिघडणार' हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळते: पुष्कळच.

चाचणीत यश कशाला म्हणायचे, हा प्रश्न तर याहून खोल जातो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत, रोगी उंदरांमधील स्नायूंची वाढ रोखून धरणाऱ्या मायोस्टॅटिन या द्रव्याला अडवण्यात आले. स्नायू भरले, सुरुवातीला बळही वाढले; मृत्यूची तारीख मात्र हलली नाही. हा प्रयोग फसला असे शास्त्रज्ञ म्हणतील. पण एखादा माणूस म्हणू शकेल, की शेवटच्या वर्षात मला मुलाला उचलून घेता आले तर मला तेवढे पुरे. उलट रिलुझोल, अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालेले या रोगावरील पहिले औषध, आयुष्य सरासरीने दोन-तीन महिन्यांनी लांबवते, आणि गेलेले बळ परत आणत नाही. बळ आणि आयुष्य यांतले काय मोजायचे हे रोग्याने ठरवायचे, की आकडेशास्त्राने?

आज या रोगाच्या बहुतेक चाचण्यांत जी मोजपट्टी वापरतात ती बारा प्रश्नांची आहे. प्रत्येकाला चार गुण, एकूण अठ्ठेचाळीस. बोलणे, लाळ, गिळणे, हस्ताक्षर, घास कापणे, कपडे घालणे, अंथरुणात कूस बदलणे, चालणे, जिना चढणे, आणि श्वासाविषयीचे तीन प्रश्न. हस्ताक्षराचे गुण असे उतरतात: सरळ लिहिता येते, अक्षर संथ वा गिचमिड, पण सर्व शब्द वाचता येतात, काही शब्द वाचता येत नाहीत, लेखणी धरता येते, लिहिता येत नाही, लेखणीच धरता येत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने ही पाच वाक्ये ओलांडून पुढे जाऊ नये. एका संपूर्ण जीवनव्यवहाराचा अस्त एवढ्या कमी शब्दांत क्वचितच कोणी लिहिला असेल, आणि लिहिणाऱ्यांचा साहित्य लिहिण्याचा हेतू नव्हता.

या मोजपट्टीवर फ्रान्झ रोझेन्झ्वाइग या जर्मन-ज्यू तत्त्वज्ञाला किती गुण मिळाले असते? १९२१ मध्ये त्याचा 'मुक्तीचा तारा' हा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १९२२ मध्ये, पस्तिशीत, या रोगाचे निदान झाले. पाठोपाठ लिहिणे गेले, बोलणे गेले. खास बनवलेल्या यंत्रावरील अक्षराकडे तो कसाबसा इशारा करी, आणि पत्नी एडिथ त्यावरून शब्द ओळखून लिहून घेई. अशा रीतीने त्याने येहुदा हालेवीच्या हिब्रू कवितांचे भाषांतर केले आणि मार्टिन बूबरबरोबर हिब्रू बायबलच्या जर्मन अनुवादाचे काम डिसेंबर १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालू ठेवले. हस्ताक्षर शून्य, वाणी शून्य. मोजपट्टी खोटी ठरत नाही. ती स्नायूंविषयी बोलते आणि खरेच बोलते. मात्र रोझेन्झ्वाइगचे उदाहरण देऊन 'देह गेला तरी आत्मा अजिंक्य' असा उद्घोष करण्याचा जो मोह उपदेशकांना होतो, तो टाळायला हवा. त्याच्यापाशी एडिथ होती, मित्र होते, ग्रंथ होते आणि शब्द हेच ज्याचे साहित्य असे काम होते. ज्याची उपजीविका आणि प्रतिष्ठा मनगटाच्या बळावर उभी होती त्या सुताराला, त्या शेतकऱ्याला हे उदाहरण सांगणे निष्ठुरपणाचे होईल. त्याच्यासाठी स्नायूच भाषा होती.

म्हणून संप्रेरकाची ती इंजेक्शने मागणाऱ्यांना भाबडे म्हणून बाजूला सारता येत नाही. त्यांची मागणी चुकीच्या द्रव्याविषयी होती. मागण्याचा हक्क मात्र खरा होता. त्या हक्काला मान देऊन पाहण्याचा एक प्रसंग अलीकडे घडला आहे. सोडियम फेनिलब्युटिरेट आणि टॉरर्सोडिऑल यांच्या मिश्रणाने १३७ रोग्यांच्या एका चाचणीत रोगाची गती काहीशी मंदावलेली दिसली. मार्च २०२२ मध्ये अमेरिकी सल्लागार समितीने सहा विरुद्ध चार मतांनी पुरावा अपुरा ठरवला. सप्टेंबरमध्ये समिती पुन्हा बसली. मोठी चाचणी चालू होती, पण तिचा निकाल यायला दीड वर्ष होते, आणि दीड वर्ष म्हणजे या रोगात काय ते सर्वांना माहीत होते. मोठी चाचणी अयशस्वी झाली तर औषध मागे घेऊ, असे वचन कंपनीकडून जाहीरपणे घेण्यात आले. मत सात विरुद्ध दोन असे फिरले, आणि त्याच महिन्यात 'रेलिव्हरिओ' या नावाने औषधाला मंजुरी मिळाली. त्याची वर्षाची किंमत सुमारे एक लाख अठ्ठावन्न हजार डॉलर होती.

१९९७ मध्ये जे नाकारले गेले तेच येथे दिले गेले. पुरावा येईपर्यंतचा काळ रोग्याच्या पदरात टाकला गेला. आणि या वेळी पुरावा मागून कोणी स्वस्थ बसले नव्हते. चाचणी आधीच उभी होती. मार्च २०२४ मध्ये ६६४ रोग्यांच्या त्या चाचणीचा निकाल आला. भेषज आणि अभेषज यांत अंतर आढळले नाही. कंपनीने वचन पाळले आणि एप्रिलमध्ये औषध बाजारातून काढून घेतले. मात्र जे रोगी ते घेत होते आणि निकाल कळल्यावरही ज्यांना ते सोडायचे नव्हते, त्यांच्यासाठी ते विनामूल्य पुरवण्याची सोय तिला करावी लागली.